आयव्हीएफ उपचारांचा खर्च (भारत)

टेस्ट ट्यूब बेबी किंवा आयव्हीएफ उपचारांसाठी भारतातील जोडप्यांना करावा लागणारा, बहुतांशी विम्याबाहेरचा खर्च. खाजगी केंद्रात एका सायकलला (उपचाराच्या एका फेरीला) साधारणतः १ ते २.५ लाख रुपये लागतात. पहिल्याच प्रयत्नात गर्भ राहील याची शाश्वती नसल्याने एकूण रक्कम अनेकदा याच्या कितीतरी पुढे जाते.

खर्चाची घडण : सर्वांत मोठी तफावत इंजेक्शनांमुळे पडते. अंडाशय उद्दीपित करणारी ही इंजेक्शने सुमारे ८ ते १२ दिवस घ्यावी लागतात. स्त्रीचे वय जास्त किंवा एएमएच (अंडाशयातील बीजसाठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) कमी असेल तर मात्रा आणि बिल दोन्ही वाढतात. केंद्राच्या 'पॅकेज'मध्ये ही इंजेक्शने पुष्कळदा धरलेली नसतात. भ्रूण गोठवणे, ते सांभाळण्याचे वार्षिक शुल्क, नंतरचे रोपण, जनुकीय तपासणी यांचीही आकारणी बहुधा वेगळी असते. त्यामुळे बाबवार अंदाजपत्रक आधीच लेखी घेणे आवश्यक आहे.

आययूआय : शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा हा आयव्हीएफहून साधा उपचार काही हजार रुपयांत होतो.

विमा : विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांत वंध्यत्वोपचार १७ व्या क्रमांकावर आहेत, बहुतेक पॉलिसींत हाच अपवाद आढळतो. काही कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसी मर्यादित रक्कम देतात. आयुष्मान भारत योजनेत हे उपचार नाहीत. केंद्र सरकारच्या कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांसाठीच्या सीजीएचएस आरोग्य योजनेत मात्र अटींसह प्रति सायकल कमाल ६५,००० रुपये, तेही तीन सायकलींपुरते, मिळण्याची तरतूद २०११ मध्ये झाली. स्त्रीबीज दान घेतल्यास २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्रीचा बारा महिन्यांचा विमा जोडप्याने उतरवायचा असतो. दात्रीच्या सुरक्षेसाठी हे योग्यच आहे; जोडप्याच्या स्वतःच्या उपचारांना मात्र असे सक्तीचे संरक्षण नाही.

पैशाची सोय : दागिने तारण ठेवणे, पतसंस्थेचे किंवा वैयक्तिक कर्ज, केंद्रामार्फत मिळणारे हप्ते. उपचार घरच्यांपासून लपवले जात असतील तर नातेवाइकांकडून उसनवारीचा मार्गही बंद होतो. उपचार अयशस्वी झाल्यास पैसे परत देण्याची हमी असलेल्या केंद्रांच्या योजनांत वयाच्या व तपासण्यांच्या अटी असतात. त्या सही करण्यापूर्वी वाचाव्यात.

सार्वजनिक सेवा : शास्त्रीय नोंदींसह मान्यता मिळालेले भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम या महापालिका रुग्णालयात जन्मले, डॉ. इंदिरा हिंदुजा यांचा त्यात प्रमुख वाटा होता. पुढे ही सेवा मुख्यतः खाजगी क्षेत्रात वाढली. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली.