भराव

मुंबईच्या घडणीसाठी इंग्रजांनी ‘रेक्लमेशन’ हा शब्द रूढ केला. आपले गेलेले परत मिळवल्याचा सूर त्यात आहे. जणू समुद्रानेच ती जमीन बळकावली होती. मराठी ‘भराव’ हा त्या मानाने प्रामाणिक शब्द. कुठली तरी टेकडी फोडून कुठले तरी पाणी बुजवले, हे त्यात लपत नाही.

गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४च्या सुमारास, महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंड बांधाने बंद झाली. बांध वारंवार ढासळे; रामजी शिवजी प्रभूंना दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्या, तेव्हा कुठे तो टिकला, अशी आख्यायिका आहे. लोकस्मृतीने निदान समुद्राची हरकत नोंदवली, हे आम्हाला लक्षणीय वाटते. आतल्या खाजणाची, तिथल्या तिवरांची, निवट्या-खेकड्यांची आणि चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्यांची हरकत मात्र कुठेच आली नाही. आणि खाजण मारायला कुऱ्हाड लागतेच असे नाही. भरतीचे पाणी अडले की ते आपोआप मरते.

माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात वाढत्या शहराचे कौतुक आहे, आणि त्या काळी ते स्वाभाविकच होते. पुढे परळ-लालबागेत गिरण्या आल्या. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या भातखाचरांचे व माडांचे भूखंड झाले. चिंचपोकळीची चिंच, वडाळ्याचा वड, गिरगावच्या फणसवाडीतला फणस हे आता पत्त्यांपुरते उरले. उमरखाडीचे तर झाडही गेले आणि खाडीही. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही नावे एकदा नकाशावर बोट ठेवून वाचावीत.)

पूर्वेला शिवडीचा चिखल उरला, म्हणून १९९०च्या दशकापासून रोहित पक्षी तिथे हजारोंनी उतरू लागले. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला सागरी सेतू त्याच चिखलावरून जातो.

हिंदमाताचा सखल भाग पावसाळ्यात तुंबतो, हे दादर-परळकरांना नवे नाही. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने २०२१पासून प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती असेतो पावसाचे पाणी त्यांत थांबवायचे आणि ओहोटी लागली की समुद्राकडे सोडायचे, अशी ही योजना. खाजण हेच करीत असे. पण त्यात निवट्या होत्या, आणि त्या टिपायला बगळे येत.