लेणं क्रमांक १ सर्वांत जुनं नाही

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात गेलात तर एका खांबावर, चक्क जुन्या चित्रावर खरडलेलं एक इंग्रजी नाव शोधा. जॉन स्मिथ, खाली तारीख २८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेतला हा अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या घळीत आला आणि त्याला ही लेणी दिसली, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. गाइडसुद्धा ती सांगतात आणि टॉर्च मारून नाव दाखवतात. पण ते नाव बघायला मान वर का करावी लागते, हे विचारून बघा. स्मिथसाहेब काही राक्षसासारखा उंच नव्हता. लेण्यात तेव्हा माती-दगडाचा एवढा थर साचला होता की तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता, आणि त्याच्या हाताशी आलं तिथं त्यानं नाव कोरलं.

म्हणजे बघा, एका माणसानं केलेली नासधूस आज आपल्याला १८१९ साली त्या लेण्यात जमिनीची पातळी कुठे होती हे सांगते. ही माहिती त्याला द्यायची नव्हती, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

मी एमएस्सी भूशास्त्रात केली आणि पीएचडीला वास्तुइतिहासाकडे वळले. आमच्याकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सायन्स सोडून जुनी घरं बघत फिरतेस?’ सुरुवातीला मी याला मोठं उत्तर द्यायचे. वारसा, अस्मिता, पर्यटन वगैरे. आता ती उत्तरं देत नाही. कारण पहिल्याच वर्षी माझं एक अख्खं प्रकरण कोसळलं, आणि ते का कोसळलं हे सांगितल्याशिवाय या विषयाचा उपयोग मला नीट सांगता येत नाही.

एका गावातला वाडा माझ्या अभ्यासात होता. दाराच्या वरच्या दगडावर साल कोरलेलं, अगदी स्पष्ट. मी ते साल धरलं, त्यावरून वाडा कोणाच्या काळातला ते ठरवलं, मग त्या काळच्या राजकारणाशी वाड्याच्या रचनेची सांगड घातली. चाळीस पानं. गाइडनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, ‘तो दगड तिथलाच कशावरून?’ मी परत गेले. भिंतीचा बेसॉल्ट बारीक कणांचा, घट्ट. सालाचा दगड मात्र भोकाभोकांचा, त्या भोकांत पांढरी खनिजं भरलेली. शेजारच्या दोन दगडांचे कोपरे तो बसवण्यासाठी तोडलेले. दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीतून काढून तो इथे बसवला होता. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलानंही हे ओळखलं असतं. मी ओळखलं नाही, कारण अक्षरं दिसल्यावर मी दगड बघायचंच थांबवलं होतं.

ही चूक करणारी मी पहिली नाही, हे नंतर वाचताना कळलं आणि थोडं बरं वाटलं. अजिंठ्याच्याच बाबतीत असं घडलंय, आणि माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाकडून.

पहिल्या लेण्यात एक दरबाराचं चित्र आहे. राजा बसलाय, समोर टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक नजराणे घेऊन आलेत. भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली मांडलं की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, आणि समोर इराणच्या दुसऱ्या खुसरोचा वकील. दोघेही सातव्या शतकातले, आणि त्यांच्यात वकिलांची देवाणघेवाण झाल्याचा उल्लेख अरबी इतिहासात सापडतो. फार सुंदर जुळत होतं. मग चित्र सातव्या शतकातलं, म्हणून लेणंही साधारण त्याच सुमाराचं. हे मत बराच काळ टिकलं आणि पाठ्यपुस्तकांतून पसरलं. आज अभ्यासक ते चित्र जातककथेतला प्रसंग मानतात. इराणी पेहरावाचे लोक दख्खनच्या बाजारात त्याआधीही येत होतेच. टोपीवरून वकील, वकिलावरून राजा, राजावरून लेण्याचं वय. प्रत्येक पायरी शक्य कोटीतली, पण सगळा जिना एका टोपीवर उभा.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मुलाखतीत मुलं हमखास फसतात. लेण्यांचे क्रमांक हा कालक्रम नाही. चालत जाताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते दिलेले आहेत. सर्वांत जुनी लेणी, म्हणजे ९ आणि १० हे चैत्य आणि १२, १३ असे विहार, घळीच्या मधल्या भागात आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या काळात सुरू झाली. मग काही शतकं काम थांबलं, आणि वाकाटकांच्या काळात पुन्हा जोरात सुरू झालं. क्रमांक १ हे या दुसऱ्या टप्प्यातलं आहे.

आता खरा प्रश्न. हा दुसरा टप्पा नेमका कधी? शिलालेख आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा, सव्विसाव्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा. दाता कोण, कशासाठी दिलं, सगळं आहे, फक्त साल नाही. आधार मिळतो तो लांब, वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळा इथल्या लेखात. सुदर्शन नावाच्या तलावाचा हा लेख हरिषेणाचा बाप देवसेन याच्या काळातला, आणि त्यावर शक ३८० आहे, म्हणजे इ. स. ४५८ च्या आसपास. बाप तेव्हा गादीवर, तर मुलाचा काळ त्यानंतर. एवढा एक खुंटा पक्का ठोकता येतो. पुढचं सगळं लेण्यांनाच विचारावं लागतं.

आणि ते विचारण्यात ज्यांनी अख्खं आयुष्य घालवलं ते वॉल्टर स्पिंक. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक, २०१९ मध्ये वारले. अनेक दशकं ते अजिंठ्याला येत राहिले. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या टप्प्यातलं जवळजवळ सगळं काम साधारण ४६२ ते ४८० या जेमतेम अठरा-वीस वर्षांत झालं. आधीचे अभ्यासक जे काम शतक-दीड शतकावर पसरवत होते, ते त्यांनी एका पिढीत बसवलं. ऐकायला अचाट वाटतं. पण मला तुम्हाला त्यांचा निष्कर्ष पटवायचा नाहीये. ते बघत काय होते, ते दाखवायचंय.

ते दारं बघत होते. म्हणजे दारं आता नाहीतच, लाकूड केव्हाच गेलं. पण दार ज्यावर फिरायचं तो खुंट बसवायला दगडात खळगे कोरलेले आहेत. भिक्षूंच्या खोल्यांच्या चौकटींत हे खळगे सगळीकडे सारखे नाहीत. दार बसवायची पद्धत बदलत गेली. स्पिंक यांनी त्या पद्धतींना ए, बी, सी, डी अशी नावं देऊन त्यांचा क्रम लावला. कुठला कारागीर दाराच्या खळग्यातून राजाची स्तुती करत नाही किंवा धर्माची शिकवण देत नाही. दार नीट लागावं, एवढाच त्याचा हेतू. म्हणून तो खळगा खोटं बोलत नाही. आम्ही भूशास्त्रात थरांमधल्या जीवाश्मांवरून क्रम लावतो, त्याचाच हा भाऊ. आधी काय आणि नंतर काय ते कळतं, मात्र किती वर्षांनी ते कळत नाही.

मग काजळी. गाभाऱ्यातल्या बुद्धासमोर रोज दिवे लागले असतील तर मूर्तीवर, छतावर धूर बसणार. हार टांगायला आकडे लावले असतील तर आसपासचा रंग घासला जाणार. पहिल्या लेण्यात, जे खुद्द हरिषेणाच्या आश्रयानं झालं असं स्पिंक मानतात, त्यांना अशी काजळी आणि अशी घासणूक दिसली नाही. त्यावरून त्यांनी म्हटलं की एवढं देखणं लेणं, पण तिथल्या बुद्धाची पूजा कधी सुरूच झाली नाही. राजा अचानक गेला आणि सगळं थांबलं. पद्मपाणीसमोर उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी येतो.

शिवाय भिंतींवरच्या आगंतुक मूर्ती. काही लेण्यांत रेखीव आराखड्याच्या मधेच, जिथे जागा मिळेल तिथे लहानमोठे बुद्ध कोरलेले किंवा रंगवलेले दिसतात. एकमेकांशी मेळ नाही, मापाचं भान नाही. स्पिंक यांचा तर्क असा की लेण्याचा यजमान हयात आणि हजर असताना असं कोणी करू शकत नव्हतं. तो गेल्यावर उरलेल्या भिक्षूंनी आणि सामान्य भाविकांनी मिळेल ती जागा घेतली, आणि थोड्याच काळात तेही थांबलं. चोविसावं लेणं तर अर्धवटच राहिलं. मला विचाराल तर अजिंठ्यात सर्वांत जास्त शिकवणारं लेणं तेच. कारागीर कसे आत शिरले, काय आधी कोरलं, छिन्नीचे घाव कसे पडले, हे पूर्ण झालेल्या लेण्यात झाकलं जातं आणि इथे उघडं राहिलंय. पर्यटक तिथे अर्धा मिनिटही थांबत नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण संशोधनात एकाच माणसाचे भक्त होऊन चालत नाही. दुसरा टप्पा मुख्यतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, हे बहुतेकांना मान्य आहे. पण अमुक लेण्याचा व्हरांडा अमुक साली, अशी वर्षावर्षाची मांडणी स्पिंक करतात, ती अनेकांना पटत नाही. आणि ती मांडताना ते दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या आठव्या गोष्टीचा आधार घेतात. त्या गोष्टीत वाकाटकांच्या पडझडीची आठवण आहे, हे आधी वा. वि. मिराशींनी सुचवलं होतं. पण दंडी नंतरचा, आणि लिहितोय कथा. माझं मत विचाराल तर स्पिंक खळग्यांजवळ असतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर असते, दंडीकडे वळतात तेव्हा चार पावलं मागे राहते. पण तुम्ही माझ्यावरही विसंबू नका, फर्दापूरच्या फाट्यावरून बस घ्या आणि बघून या.

आणि लवकर बघा, कारण असा पुरावा नाजूक असतो. १९२० च्या सुमारास निजामाच्या सरकारनं इटलीहून चित्रं वाचवायला तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण त्यांनी दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि ते काढत बसायची वेळ नंतरच्या लोकांवर आली. सफाई तर करावीच लागते, चित्रं दिसायला हवीत. पण काजळी पुसताना दिवा कधी लागला होता का याचं उत्तरही पुसलं जाऊ शकतं. कोणता थर वटवाघळांचा, कोणता दिव्याचा, कोणता रोगणाचा, हे पुसण्याआधी तपासणारा माणूस हवा. तो रसायनशास्त्राचा असेल, वनस्पतिशास्त्राचा असेल. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळले होते, हे २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं. ते सूक्ष्मदर्शकाखाली गिलावा पाहणाऱ्यांनी शोधलं. अजिंठ्याचं चौथं लेणं, सर्वांत मोठा विहार, त्याचं छत खडकातल्या दोषामुळे कोसळलं आणि कारागिरांना ते आणखी वर कोरावं लागलं. ते समजायला लाव्हाच्या थरांची ओळख लागते. सायन्स सोडून आलीस का, या प्रश्नाला मी हल्ली हे चौथं लेणं सांगते.

माझं कोसळलेलं प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलंय. सालाचा तो दगड आता एका तळटीपेत गेलाय. त्याऐवजी मी चौकटींचे खळगे, विटांची मापं आणि भिंती जिथे एकमेकींना भिडतात ते सांधे मोजतेय. कुठली भिंत दुसरीवर टेकलीय आणि कुठली तिच्यात गुंफलीय, यावरून वाड्याचे निदान तीन टप्पे दिसू लागलेत. साल एकाचंही माहीत नाही. मागच्या अंगणाकडचे सांधे बघायचे राहिलेत. मालकांचा काल फोन आला होता, पाऊस झिरपतो म्हणून दिवाळीआधी त्या बाजूला सिमेंटचा गिलावा करून घेणार आहेत. त्यांचंही चुकीचं नाही, राहायचं त्यांना आहे. मी शनिवारी टेप, कॅमेरा आणि शिडी घेऊन निघतेय.