कोनराड मिलर आणि हरवलेले पान

कोनराड मिलर (१८४४–१९३३) हे कॅथलिक धर्मगुरू, आणि पेशाने श्टुटगार्टमधील शाळेचे शिक्षक. वर्ग सांभाळून त्यांनी प्राचीन भूगोलाचा जो व्यासंग केला, त्याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

१८८७ साली त्यांनी ‘टाबुला पॉयटिंगेरियाना’ या रोमन मार्गपटाची रंगीत प्रतिकृती प्रसिद्ध केली. मूळ रोमन पट केव्हाच नष्ट झाला; व्हिएन्नात आहे ती मध्ययुगीन नक्कल, चर्मपत्राचे अकरा तुकडे, लांबी पावणेसात मीटरांच्या आसपास. स्पेन आणि बहुतेक ब्रिटन ज्या पश्चिमेकडील पानावर असणार, ते पानच गळालेले. मिलर यांनी पुढे ते तर्काने रेखाटले. पटाचा कर्ता कॅस्टोरियस हा त्यांचा दावाही विद्वानांनी मानला नाही, पण ते एक वेळ राहू द्या. पोथीतल्या गळालेल्या ओव्या संपादकाने रचून घातल्या, तर आपण त्यांना प्रक्षेप म्हणतो. हे पान मात्र कित्येक ठिकाणी मूळचेच असल्यासारखे छापले जाते.

पटाच्या पूर्व टोकाला केरळच्या किनाऱ्यावरचे मुझिरिस बंदर आहे, शेजारी ऑगस्टसचे मंदिर. ते व्हिएन्नाच्या चर्मपत्रावर खरोखरच आहे.