स्तरित लोहसंयुगे : अतिसंवाहकता व चुंबकत्व

अतिशय नीच तापमानास काही पदार्थांचा विद्युत् रोध नाहीसा होतो. या आविष्कारास अतिसंवाहकता म्हणतात. हायके कामर्लिंग ऑनेस यांनी १९११ मध्ये पाऱ्यात सु. ४.२° के. तापमानास तो प्रथम पाहिला. चुंबकीय अणू अतिसंवाहकतेस मारक ठरतात, असे पुढील प्रयोगांत आढळले; त्यामुळे लोहासारखी मूलद्रव्ये या संशोधनात दीर्घकाळ वर्ज्य मानली गेली.

या समजुतीस धक्का देणारा एक शोध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लागला. आर्. नागराजन, एल्. सी. गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रधातूत सु. १२° के. तापमानास अतिसंवाहकता आढळल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. या कुलातील संयुगांत विरल मृत्तिका-कार्बन व निकेल-बोरॉन यांचे थर एकाआड एक असतात. त्यांपैकी एर्बियमयुक्त संयुग सु. १०.५° के. खाली अतिसंवाहक होते, सु. ६° के. खाली त्यात चुंबकीय क्रम येतो, तरीही अतिसंवाहकता टिकते.

लोहाची पाळी नंतर आली. जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटास लँथॅनम, लोह, फॉस्फरस व ऑक्सिजन यांच्या स्तरित संयुगात २००६ मध्ये सु. ४° के. तापमानास अतिसंवाहकता आढळली. फॉस्फरसाऐवजी आर्सेनिक व काही ऑक्सिजनाऐवजी फ्ल्युओरीन योजल्यावर २००८ मध्ये ही मर्यादा २६° के. झाली, त्याच वर्षी चीनमध्ये समेरियमाच्या संयुगात ती ५५° के. पर्यंत गेली. मूळ आर्सेनिक संयुगात प्रतिलोहचुंबकीय क्रम असतो. फ्ल्युओरिनामुळे तो मावळला की अतिसंवाहकता प्रकट होते. यावरून चुंबकीय आंदोलनेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवीत असावीत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. मात्र सर्वमान्य सिद्धांत अद्यापि प्रस्थापित झालेला नाही.