कायरोप्रॅक्टिक, कामाच्या ठिकाणची

कायरोप्रॅक्टिक, कामाच्या ठिकाणची : पाठीचा कणा व इतर सांधे यांवर हातांनी नियंत्रित दाब किंवा झटका देऊन त्यांची हालचाल सुधारण्याच्या पद्धतीस कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ‘हात’ व ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव बनले आहे. कारखाने, कचेऱ्या व लष्करी तळ येथेच हे उपचार पुरविण्याची व्यवस्था मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढली.

या पद्धतीचा आरंभही एका कामगारावरील उपचारानेच झाला. डॅन्येल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) हे आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे चुंबकीय उपचार करीत असत. त्यांचे कार्यालय असलेल्या इमारतीत झाडलोट करणारे हार्वी लिलार्ड हे कृष्णवर्णीय गृहस्थ १७ वर्षे बहिरे होते. अवघडून वाकलेले असताना पाठीत काहीतरी सरकले व तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलार्ड यांनी सांगितल्याचे पामर यांनी नमूद केले आहे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी मणका दाबून बसविताच ऐकू येऊ लागले, हा पामर यांचा दावा होता. श्रवणतंत्रिका कवटीतच असते, पाठीच्या मणक्यांतून जात नाही. त्यामुळे हा दावा शारीररचनेशी जुळत नाही. लिलार्ड यांच्या कन्येने सांगितलेली हकीकतही निराळी आहे. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांच्या विस्थापनात शोधण्याचा पामर यांचा सिद्धांत आज ग्राह्य मानला जात नाही. टिकून राहिली ती पाठदुखीवरील उपयुक्तता.

परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल पामर यांना १९०६ मध्ये तुरुंगवास घडला. कॅन्ससने १९१३ मध्ये या व्यवसायास कायदेशीर मान्यता दिली, तर लुइझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता १९८० पर्यंत डॉक्टरांना अशास्त्रीय उपचारकांशी व्यावसायिक संबंध ठेवू देत नसे. अशा स्थितीत कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर व कायरोप्रॅक्टर यांनी शेजारी बसणे कठीणच होते. चेस्टर विल्क व इतरांनी १९७६ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात असोसिएशनचा बहिष्कार बेकायदेशीर असल्याचा निर्णय १९८७ मध्ये लागला.

पुढचे महत्त्वाचे पाऊल लष्करात पडले. तेथे ओझे वाहणे, दीर्घकाळ वाहनात बसणे व कवायत यांमुळे पाठदुखी फार आढळते. १९९५ मध्ये काही तळांवर प्रायोगिक सेवा सुरू झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन लष्करी रुग्णालयांतील ७५० सैनिकांचा समावेश होता. नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्या गटात सहा आठवड्यांनंतर वेदना व असमर्थता अधिक कमी झाल्याचे दिसले. तथापि दुसऱ्या गटाला तुलनेसाठी नकली उपचार दिले नव्हते. त्यामुळे लाभाचा किती भाग हस्तोपचाराचा व किती मिळालेल्या आस्थेचा, हे त्यावरून ठरत नाही.

उपचारक कामाच्या जागी असल्याचा खरा फायदा म्हणजे खुर्चीची उंची, ओझे उचलण्याची रीत व यंत्रासमोरील उभे राहणे त्याला प्रत्यक्ष पाहता येते. सदोष मेज तसेच ठेवून पाठ मात्र दर आठवड्याला दाबून घेण्यात फारसा अर्थ नसतो. पायातील वाढती दुर्बलता, लघवीवरील ताबा जाणे, ताप किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास रुग्णाला तत्काळ डॉक्टरकडे पाठवावे लागते. मानेला झटका दिल्यानंतर रोहिणीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या विरळ परंतु गंभीर घटना नोंदल्या गेल्या आहेत. उपचारकाचे वेतन मालक देत असल्याने कामगाराच्या दुखण्याची नोंद कोणाच्या हाती जाते व कामावर परतण्याचा दिवस कोण ठरवितो, हे प्रश्न सेवा सुरू करण्यापूर्वीच लेखी निश्चित करावे लागतात.