अंगणातून अक्षराकडे

मूल तीन वर्षांचे झाले की पालकांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : "हे लिहायला-वाचायला कधी शिकणार?" मग पाटी येते, पेन्सिल येते आणि इवल्या बोटांकडून अक्षरे गिरवून घेण्याची घाई सुरू होते. घाईमागची तळमळ खरी आहे. ज्या आईवडिलांना परिस्थितीमुळे शिक्षण सोडावे लागले, त्यांना मुलांच्या शिक्षणाची काळजी अधिकच वाटणार. परंतु वाचनाची सुरुवात अक्षरापासून होते की त्याच्याही आधी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातच सापडते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोम शहरातील गरीब कामगार वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारीत. मात्र त्याआधी हात, डोळे व कान यांना भरपूर काम दिलेले असे. हा विचार गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरच्या बालमंदिरात आणला आणि त्याला गोष्टी, गाणी व नाटुकली यांची जोड दिली. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे ताराबाईंनी हे कार्य महाराष्ट्रात रुजविले.

तथापि ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. बालशिक्षण शहरातील सुखवस्तू घरांपुरतेच राहिले होते. म्हणून 1945 साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना वा पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. 1957 साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे चारायला जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

या इतिहासातून पालकांनी घ्यावयाचा धडा असा की, शाळेने मुलाच्या अंगणात जायचे आणि शिक्षणाने मुलाच्या बोलीत शिरायचे. जे मूल घरी भरपूर बोलते, गोष्ट ऐकते, ती आपल्या शब्दांत सांगते, त्याचा शब्दसाठा वाढतो. 'पाणी' आणि 'नाणी' यांच्या शेवटी सारखाच आवाज आहे हे ज्याच्या कानाला उमगले, त्याला पुढे अक्षर व आवाज यांची जोडी लावणे सोपे जाते. ही समज एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेतही कामी येते.

आपल्या काळेवाडीकडे पाहू या. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागोमाग औद्योगिक वसाहती आल्या आणि ठिकठिकाणची कुटुंबे पोटासाठी येथे येऊन राहिली. साहजिकच एकाच चाळीत अनेक बोली नांदू लागल्या. आपल्या कित्येक घरांत मूल अम्मीशी दखनी किंवा उर्दू बोलते, मकतबात अरबी कायदा वाचते, गल्लीत मराठी ऐकते आणि शाळेत त्याच्यापुढे इंग्रजी येते. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे! यामुळे मूल गोंधळेल या भीतीने काही पालक घरची भाषाच बंद करतात आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलतात. यात नुकसान मुलाचेच होते, कारण त्याच्या कानावर कोणतीच भाषा भरघोस पडत नाही.

वास्तविक आपल्या बोलीत आणि मराठीत वैर नाही. दखनीतला 'नक्को' हा मराठीच्या 'नको'चाच भाऊ. बाजार, दुकान, जमीन, हवा हे शब्द तर दोन्ही घरचे. बालभारती ही 1967 साली स्थापन झालेली संस्था मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य असेल तेथे, किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आहे.

तेव्हा पालक बंधू-भगिनींनो, मूल इंग्रजी, मराठी वा उर्दू कोणत्याही माध्यमात असो, एवढे अवश्य करा. रोज रात्री नानी-दादीकडून त्याला एक गोष्ट ऐकू द्या आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याकडून ऐका. कामावरून आलेल्या अब्बांनी दहा मिनिटे त्याच्याशी गप्पा माराव्यात. दुकानाची पाटी, साबणाचा कागद, बसवरचे नाव बोट ठेवून वाचून दाखवावे. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तीही गोष्ट सांगू शकते. गाणे म्हणू शकते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही धाकट्या भावंडांना रोज एक पान मोठ्याने वाचून दाखवा.

कोसबादला शंखशिंपल्यांवर जे साधले, ते काळेवाडीच्या एका खोलीच्या घरातही साधता येईल. त्यासाठी पैसा नव्हे, मुलासाठी थोडा वेळ आणि आपल्या भाषेविषयी विश्वास हवा.