ऑअर रॉड: तांबूस काडीची कुळकथा

1903 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, डॉ. विल्यम ऑस्लर यांच्या देखरेखीखाली, 21 वर्षांचा एक तरुण दाखल झाला. घसा दुखत होता, नाकातून रक्त येत होतं. निदान झालं तीव्र ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर मोठ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात बारीक काड्या दिसल्या. थॉमस मॅक्रे यांनी 1905 मध्ये या काड्यांची नोंद केली. पुढच्याच वर्षी जॉन ऑअर या तरुण डॉक्टरांनी काड्यांवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि काड्यांना नाव ऑअर यांचं लागलं. मॅक्रे यांच्यावर हा अन्यायच झाला, असं मला वाटतं.

ऑअर यांनी त्या पेशी लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्याच कुळातल्या पांढऱ्या पेशी, मानल्या होत्या. खरं तर त्या मायलोब्लास्ट, म्हणजे मज्जेतल्या मायलॉइड कुळाच्या कच्च्या पेशी. या पेशींमध्ये एन्झाइमांचे कण असतात. रोगात ते एकमेकांत मिसळून त्यांची काडी बनते. काचपट्टीवरचं रक्त लेशमन यांच्या रंगाने रंगवलं, की ती तांबूस दिसते. हे लेशमन भारतात नोकरी केलेले ब्रिटिश लष्करी डॉक्टर. त्यांचा रंग आपल्याकडच्या लॅबमध्ये आजही रोज वापरला जातो. निरोगी माणसाच्या रक्तात ही काडी सापडत नाही. म्हणूनच ब्लास्ट, म्हणजे कच्च्या, पेशीत ती दिसली, की आजार मायलॉइड कुळाचा आहे हे पॅथॉलॉजिस्टना कळतं.

काही रुग्णांच्या एकेका पेशीत तर काड्यांची मोळीच असते. हा ‘एपीएल’, ल्युकेमियाचा एक उपप्रकार. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी 1957 मध्ये तो वेगळा आजार म्हणून मांडला, तेव्हा रुग्ण रक्तस्रावाने काही आठवड्यांत जात. 1985 मध्ये शांघायच्या वांग झेन्यी यांनी एका लहान मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं ‘एट्रा’ हे औषध दिलं आणि ती बरी झाली. आज या आजाराचे बहुतेक रुग्ण बरे होतात, पण पहिल्या काही दिवसांतला रक्तस्राव अजूनही जीव घेतो. त्यामुळे काचपट्टीवर मोळी दिसताच, जनुकीय तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर एट्रा सुरू करतात.

पेशी मोजायला आता मशीन आहे, पण ही काडी ओळखायला अजूनही सूक्ष्मदर्शकावर सरावलेली नजरच लागते. हिरड्यांतून किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, मार न लागता अंगावर निळे डाग उठत असतील, ताप हटत नसेल, तर ते ल्युकेमियाचं लक्षण असू शकतं; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सीबीसीबरोबर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीबरोबर, स्मिअर म्हणजे रक्ताची काचपट्टीही पाहून घ्या, असं त्यांना आवर्जून सांगा.